उसना ‘मी’

कोर्टातल्या दुभाष्यांच्या खोलीत खळी शिरली आणि बारकीताईंनी हातातला मोबाइल पटकन टेबलावर पालथा टाकला. झालं ते एवढंच. पण तो पालथा पडण्याआधी पडद्यावर एक हात हलताना खळीला दिसला होता, आणि त्या हाताच्या मधल्या बोटावर शिवताना घालतात ती पितळी टोपी होती.

“कोणाशी बोलत होतात?”

“कोणी नाही गं. बहीण होती.”

बारकीताईंच्या बहिणीचे कान चांगले शाबूत होते. ऐकू येणाऱ्या बहिणीशी कोणी हातवारे करून बोलतं का? खळीच्या मनात पाल चुकचुकली. पितळी टोपी घालून शिवणारी एकच बहिरी बाई तिच्या ओळखीची होती, आणि ती तिची स्वतःची आई होती.

खळी हे तिचं कागदोपत्री नाव नव्हे. बहिऱ्या माणसांत नाव कानावर पडायची सोय नसते, म्हणून प्रत्येकाला एक खूण मिळते. लहानपणी हसली की हिच्या गालाला खळी पडायची, म्हणून गालावर बोट टेकवलं की ही. बारकीताईंची खूण म्हणजे उभी करंगळी. आता पन्नाशी उलटली होती, अंगानंही त्या ऐसपैस झाल्या होत्या, तरी बारकीच राहिल्या. खळीचे आईवडील दोघंही जन्मापासून बहिरे, त्यामुळे ती तोंडाआधी हातांनी बोलायला लागली. बारकीताई ही भाषा मोठेपणी शिकलेल्या. त्यांचे हात चुकत नसत, पण परगावचे वाटत. खळीला या गोष्टीचा थोडा तोरा होता आणि तो बारकीताईंना पक्का ठाऊक होता.

दोघी बरेच महिने एकाच खटल्यावर काम करत होत्या. पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या कारखान्यातल्या एका बहिऱ्या मुलीनं तिथल्या मुकादमाविरुद्ध तक्रार केली होती. मुलगी साक्ष द्यायला उभी राहिली की हातांनी सांगायची आणि दुभाषी ते मोठ्यानं बोलायची. हे काम एकटीनं फार वेळ रेटता येत नाही, डोकं शिणतं आणि चुका होतात. म्हणून दोघींची जोडी असते. एक बोलते, दुसरी लक्ष ठेवते, मग अदलाबदल. आणि नियम असा, की साक्षीदार ‘मी’ म्हणाली तर दुभाषीनंही ‘मी’च म्हणायचं. ‘ती म्हणते की’ अशी पळवाट नाही.

ज्या दिवशी मुलीनं गोदामातली हकिगत सांगितली, त्या दिवशी पाळी खळीची होती.

“त्यानं दार लावलं,” बंद दाराआडच्या कोर्टात खळीचा आवाज म्हणाला. “मग दिवा घालवला. अंधारात मला त्याचं तोंड दिसेना. माझे हात कोणाला दिसेनात. मी ओरडले असेन. मला माहीत नाही.”

बारकीताईंनी तिच्या कोपराला हात लावला. ही अदलाबदलीची सूचना. थोड्या वेळानं पुन्हा लावला. खळीनं मानेनंच नको म्हटलं. असलं वाक्य अर्ध्यावर टाकून कसं उठायचं? मुलगी थांबेपर्यंत ती बोलत राहिली. नंतर चहाचा कप तिला हातात धरवेना, तेव्हा तिनं तो टेबलावर ठेवूनच वाकून प्यायला आणि वर म्हणाली, “भाजतोय फार.”

त्यानंतर खळीचं जग हळूहळू संशयानं भरत गेलं. लिफ्टमध्ये पुरुष असला की ती जिन्यानं जायची. आरोपीचा वकील मोबाइल पुसत असला तरी आपला फोटो काढतोय असं तिला वाटे. घरात भर दुपारीही ती दिवे लावून ठेवी. विजेची उधळपट्टी आईला खपत नसे. आई एकेक बटण बंद करत जाई आणि खळी मागून पुन्हा लावत जाई. रात्री डोळ्याला डोळा लागत नसे, आणि दुपारी कोर्टातून आली की ती कोचावर मेल्यासारखी झोपे.

अशातच रुग्णालयातलं ते प्रकरण घडलं. एक बहिरी बाई सोनोग्राफीला आली होती, सोबत तिचा ऐकू येणारा नवरा. पडद्यावरचं नीट दिसावं म्हणून डॉक्टरांनी खोलीतला दिवा मंद करायला सांगितला. नवऱ्यानं उठून बटण दाबलं, तर सगळा दिवाच गेला.

“दिवा लाव!” खळी किंचाळली. “लाव म्हणते ना! हात काढ तिथून!”

नवरा बिचारा भिंतीला चिकटून उभा राहिला. दिवा लागला तेव्हा टेबलावरची बाई घाबरून तिघांची तोंडं बघत होती, कारण काय झालं हे तिला सांगायचं काम ज्या दुभाषीचं, तीच थरथरत होती.

दुसऱ्या दिवशी कामं वाटून देणाऱ्या मॅडमनी तिला बोलावून घेतलं. त्या अगदी गोड बोलल्या आणि त्यामुळंच खळीला जास्त भीती वाटली.

“थोडे दिवस आराम करा. खटल्याचं आम्ही बघतो.”

“रुग्णालयानं तक्रार केली?”

“तक्रार म्हणू नका. दोन ठिकाणांहून कळलं, एवढंच.”

एक ठिकाण रुग्णालय. मग दुसरं कुठलं? खळी पायऱ्या उतरता उतरता हिशेब मांडत होती. खटल्यावरून आपण गेलो तर जोडीत मुख्य कोण होणार? बारकीताई. आईला फोन करून घरातलं कोण काढून घेतं? बारकीताई. कुठंतरी पाणी मुरत होतं.

त्या आठवड्यात एक दिवस आईनं खांद्याला पिशवी लावली आणि हातांनी सांगितलं, “पडदे द्यायला जाते.”

आई घरोघरचे पडदे शिवून द्यायची. तयार पडदे मात्र खोलीत घडी घालून तसेच पडलेले होते. आई जिना उतरली तशी खळीनं पायात चपला सरकवल्या.

बहिऱ्या माणसाचा पाठलाग करणं सोपं असतं असं कोणाला वाटेल. ते खरं नाही. आई प्रत्येक दुकानाच्या काचेत मागचं बघत चाले. खळीला हे माहीत होतं, म्हणून ती रस्त्याच्या पलीकडून, उभ्या गाड्यांच्या आडून गेली. चार रस्ते मिळतात तिथल्या चहाच्या दुकानात आई शिरली. काचेमागच्या टेबलाशी, रस्त्याकडं पाठ करून, बारकीताई आधीच बसलेल्या होत्या.

हातांच्या गप्पा चोरायला जवळ जावं लागत नाही, नजर पोचली की पुरतं. दुसऱ्यांचे हात चालू असले की मान वळवायची, हे आईनंच तिला लहानपणी शिकवलं होतं. आज तिनं मान वळवली नाही. तिला फक्त आईची बाजू दिसत होती. आईनं गालावर बोट टेकवलं: खळी. मग झोप. मग हात. मग आईचा तळवा कपाळाकडं गेला आणि नेमकी मध्ये एक बस येऊन उभी राहिली. बस हलली तेव्हा आई विचारत होती, “माणूस कोण? तुला ठाऊक आहे.” बारकीताईंचं डोकं डावी-उजवीकडं हललं. “तू लपवतेस,” आई म्हणाली. “ती पण लपवते.”

खळीनं मनात तुकडे जुळवले. झोप, डोकं, कोणी एक माणूस. म्हणजे पोरीचं डोकं फिरलंय आणि तिला कुठल्या डॉक्टराकडं न्यायचं, हे आपली आई परक्या बाईबरोबर ठरवतेय! रस्ता ओलांडून ती तडक आत गेली.

“माझ्याविषयी बोलायचं तर माझ्या तोंडावर बोला!” तिनं हातांनी सुनावलं.

दोघी दचकल्या. मग तिन्ही बायकांचे हात एकदम सुरू झाले. दुकानात आवाज काहीच नव्हता, तरी सगळी गिऱ्हाइकं चहा थांबवून बघायला लागली. दुकानदारानं पुढं होऊन कपबशा हातांच्या टप्प्यातून बाजूला घेतल्या. शेवटी आईनं टेबलावर दाणकन तळहात आपटला. घरात सगळ्यांचं लक्ष वेधायची ही तिची जुनी रीत.

“तो कोण?” आईनं खळीला विचारलं.

“कोण, कोण?”

“दार लावणारा. दिवा घालवणारा.”

खटला बंद दाराआड चालू होता. हे वाक्य कोर्टाबाहेर खळीला आणि बारकीताईंनाच ठाऊक होतं. ती बारकीताईंकडं वळली आणि तोंडानं म्हणाली, “तुम्ही कोर्टातलं हिला सांगितलंत?”

“एक अक्षर नाही,” बारकीताई म्हणाल्या. “तिलाच विचार कोणी सांगितलं.”

खळीनं आईला हातांनी तेच विचारलं. “तू सांगितलंस,” आई म्हणाली. “दुपारी कोचावर झोपतेस तेव्हा. तुझे हात सांगतात. दार लावलं. दिवा घालवला. मी ओरडले असेन. मी, मी, मी. रोज तेच. मी शिवण टाकून समोर बसते आणि बघते.”

खळी खुर्चीत बसली. कोर्टात ते सगळं ती तोंडानं बोलली होती. झोपेत ते पुन्हा त्या मुलीच्या हातांसारखं तिच्या हातांत उतरत होतं. आणि आई, जिला कधी काही ऐकू येत नाही, तिनं ते शब्दन् शब्द वाचलं होतं.

“आई, ते माझ्यावर झालेलं नाही.”

“मग कोणावर?”

“सांगता येत नाही. कामाचा नियम आहे.”

आईचा चेहरा दगडासारखा झाला. “त्यानं पण तुला हेच बजावलं असेल,” ती म्हणाली. “कोणाला सांगायचं नाही.”

बारकीताई खळीकडं वळून तोंडानं पुटपुटल्या, “मॅडमना मीच सांगितलं. तुला खटल्यावरून काढा म्हणून.”

“माहीत होतं मला!”

“तू सुकत चालली होतीस. मी प्रत्येक तारखेनंतर खालच्या मजल्यावर जाऊन उलटी करते, तुला कळलं होतं का? मला तुझं दिसत होतं, तुला माझं दिसत नव्हतं.”

“मग तोंडावर का नाही सांगितलंत?”

“ऐकलं असतंस? माझ्याकडून?”

नसतं ऐकलं, हे खळीला ठाऊक होतं. पण पाठीमागून केलं ते केलंच, हेही तितकंच खरं होतं. त्या दिवशी ती दोघींशीही न बोलता घरी गेली.

मॅडमनी सुचवलेल्या समुपदेशक बाईंकडं ती गेली ती सुद्धा चोरपावलांनी. तिनं दार अर्धवट उघडं ठेवायला लावलं. “इथलं मॅडमना कळणार का?” पहिलाच प्रश्न.

“नाही.”

“सगळे असंच म्हणतात.”

“म्हणतात खरं,” समुपदेशक म्हणाल्या. “खटल्यातलं काही सांगूच नका. तुमच्या पोटाचं सांगा. झोपेचं, हातांचं सांगा. ते तर तुमचं आहे ना?”

आपलं कुठलं आणि त्या मुलीचं कुठलं, हे खळीला त्या घटकेला खरोखर सांगता येईना. पहिल्या भेटी तशाच कोरड्या गेल्या. मग एकदा तिनं आईचं सांगितलं, आणि समुपदेशक म्हणाल्या, “त्यांना घेऊन या. पण दुभाषी तुम्ही नाही व्हायचं. मी दुसरी बोलावते.”

जन्मात पहिल्यांदा खळी आईच्या शेजारी नुसती मुलगी म्हणून बसली. समोर एक अनोळखी तरुण दुभाषी बसली होती, जिचं नावसुद्धा खळीनं विचारलं नाही. आईनं हात उचलले आणि ती तरुणी म्हणाली, “मी माझ्या मुलीला झोपलेली बघते आणि मला वाटतं, हिला कोणीतरी खाऊन टाकलंय. मी विचारते तर ती नियम सांगते.” परक्या तोंडून आईचा ‘मी’ ऐकताना खळी वळून आईच्या हातांकडं बघायला लागली.

मग ती स्वतः तोंडानं बोलली. “मला भीती वाटते, की मी आता कधीच कोणाचं काही ऐकू शकणार नाही. मला माझ्या आईचीसुद्धा शंका आली.” तरुणी ते आईकडं बघत हातांनी सांगत होती, आणि प्रत्येक ‘मी’ला तिचं बोट स्वतःच्याच छातीवर टेकत होतं.

आई त्या बोटाकडं टक लावून बघत राहिली. दुभाषे तिनं उभ्या आयुष्यात पुष्कळ पाहिले होते, पण आपल्याच पोरीचं दुःख दुसरीच्या छातीवर असं टेकलेलं कधी पाहिलं नव्हतं. तिनं खळीकडं पाहिलं, परत तरुणीकडं पाहिलं. मग तिला थेट विचारलं, “याचा तुला त्रास होत नाही?”

तरुणीनं इमानानं तेही मोठ्यानं म्हटलं, “याचा तुला त्रास होत नाही?”

“मला?” समुपदेशक गोंधळल्या.

“तिला विचारतेय ती!” खळी म्हणाली आणि तिला हसू फुटलं. तरुणीचे कान लाल झाले. “दुभाषीला व्यक्तिशः उत्तर देता येत नाही,” ती म्हणाली, आणि मग हातांनीही तेच म्हणाली. आईनं मान हलवली. घरी जाताना तिनं वाटेत कुठला प्रश्न विचारला नाही. फक्त एकदा थांबून म्हणाली, “त्या दुसरीला, जिचं आहे तिला, आई असेल ना?” उत्तर येणार नाही हे कळून तीच पुढं चालायला लागली.

सगळं लगेच सुरळीत झालं असं नाही. आई अजून अधूनमधून कोचाशी येऊन उभी राही. खळी अजून जिन्यानंच जाई. कामावर परतल्यावर पाळायची म्हणून समुपदेशकांनी तिला एक साधी सवय सांगितली होती. काम संपलं की सोबतिणीसमोर उभं राहून स्वतःविषयीची क्षुल्लक वाक्यं बोलायची, ‘मी’नं सुरू होणारी. ‘मी आज छत्री विसरले.’ ‘मला वांग्याचा रंग आवडत नाही.’ हा पोरकटपणा खळीनं आधी आरशासमोर केला, कारण सोबतीण म्हणून समोर यायची ती बारकीताईच.

आणि मग बारकीताईच घरी आल्या. आईनं त्यांना पाणी दिलं, पण टोपी घातलेलं बोट न उचलता शिवत राहिली. लपवाछपवी ती विसरली नव्हती.

“नवी दुभाषी लावलीय,” बारकीताई खळीला म्हणाल्या. “मुलगी उलटतपासणीला उभी राहायला तयार नाही. म्हणते, पहिली का गेली? माझं ऐकून तिला किळस आली असणार. तिचा माझ्यावर विश्वास नसणार.”

खळीनं डोळे मिटले. सगळ्यांवर संशय घेता घेता, आपल्यावरही कोणी घेत असेल हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं. तिनं समुपदेशकांना विचारलं, मॅडमना विचारलं, आणि शेवटी बारकीताईंना म्हणाली, “येते मी. पण कोपराला हात लावलात की मी उठणार. नाही उठले तर ओढून काढा.”

उलटतपासणीच्या दिवशी मुलीनं तिला पाहिलं आणि डोळे बारीक केले. हात मात्र उचलले. आरोपीचा वकील एकाच प्रश्नाला पुन्हा पुन्हा घोळवत होता. अंधारात तुम्हाला माणूस कसा ओळखू आला? खळी प्रश्न हातांनी सांगे, उत्तर तोंडानं बोले. “त्याच्या हाताला गोंदाचा वास येतो,” ती म्हणाली. “मी रोज त्याच्या शेजारी काम करते.” तिचा आवाज किंचित फाटला.

वकिलानं तो क्षण बरोबर पकडला. “न्यायाधीश महोदय, या दुभाषीबाई फारच रंगात आल्यात. साक्ष मुलीची आहे की यांची, असा प्रश्न पडतो.”

सगळं कोर्ट तिच्याकडं बघायला लागलं. एरवी तिनं दात आवळून पुढं रेटलं असतं. कोपराला बारकीताईंचा हात लागला. कोर्टात दुभाषीला स्वतःचं काही म्हणायचं तर ‘मी’ वापरता येत नाही. तो शब्द साक्षीदाराचा असतो. खळी उभी राहिली आणि स्वच्छ आवाजात म्हणाली, “दुभाषी अदलाबदलीची परवानगी मागते.”

परवानगी मिळाली. मुलीचा चेहरा पडू लागलेला तिनं पाहिला, म्हणून जागा सोडण्याआधी तेच वाक्य तिनं हातांनीही सांगितलं आणि बारकीताईंच्या शेजारच्याच खुर्चीत, मुलीला दिसेल अशी बसली. बारकीताईंनी सुरुवात केली. त्यांचे हात आजही परगावचे होते, पण पक्के. एका ठिकाणी त्यांना खूण आठवेना तेव्हा खळीनं ती मांडीवर करून दाखवली. पुढच्या पाळीला ती पुन्हा उठली, आणि शेवटचा प्रश्न तिच्याच वाट्याला आला.

समुपदेशकांची ती सवय खळीनं बारकीताईंना आधीच सांगून ठेवली होती. जिन्यात दोघी समोरासमोर उभ्या राहिल्या. “मी आज उलटी केली नाही,” बारकीताई म्हणाल्या.

“मला तुमचा अजून राग आहे,” खळी म्हणाली.

“चालेल. ते तुझंच आहे.”

निकाल लागायला पुष्कळ काळ गेला. मुकादमाला शिक्षा झाली; तो वरच्या कोर्टात जाणार असंही त्याच्या वकिलानं तिथल्या तिथं सांगून टाकलं. बाहेर आल्यावर मुलीनं खळीला भिंतीपाशी गाठलं.

“तुझा माझ्यावर विश्वास होता?”

“दुभाषीला ते सांगता येत नाही,” खळी म्हणाली. “वरचं कोर्ट बाकी आहे.”

मुलीनं तिच्या चेहऱ्यावर काही सापडतंय का ते बराच वेळ शोधलं. काय सापडलं कोण जाणे. मग विचारलं, “आता कुठं चाललीस?”

“प्रसूतीच्या वॉर्डात. एक बाई अडलीय.”

“तिथं पण ‘मी’च म्हणणार?”

“हो. कळा ती देणार, आणि डॉक्टरांना शिव्या मी.”

मुलगी हसली, पदराआड नव्हे, चांगली तोंड उघडून, आवाज करून. कॉरिडॉरमधली माणसं वळून बघायला लागली, तरी ती थांबली नाही.